एका पॅकेजवर चौघं: जहाजावरच्या इंटरनेटच्या नोंदी

२३ नोव्हेंबर २०२५, बडोदा

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं आज पक्की झाली. २२ डिसेंबरला चढायचं, मधे लक्षद्वीप, २६ ला सकाळी परत मुंबई. आई, बायको, लेक आणि मी असे चौघं. उपकरणं मोजली तर सहा निघाली: चार फोन, माझा लॅपटॉप आणि लेकीचा टॅब. जहाजावर इंटरनेट दर उपकरणामागे विकत घ्यावं लागतं. एका उपकरणाच्या पॅकेजचा भाव बघितला. तेवढ्यात आम्हा चौघांचं बडोदा-मुंबई जाणं-येणं होतं. एकच पॅकेज घ्यायचं आणि त्यात सगळ्यांचं भागवायचं, असं ठरवलं.

पण हे काम मी एवढं मनावर घेतलंय ते आत्यासाठी. आत्या ८६ वर्षांची, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहते. दिवसा सांभाळायला बाई असते, रात्री चुलतभाऊ. तिला ऐकू फार कमी येतं. आईच्या गुडघ्यांना वाड्याचा जिना झेपत नाही, म्हणून रोज संध्याकाळी सातला या नणंदा-भावजया व्हिडिओ कॉलवर भेटतात. आत्या आईच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेते, त्यामुळे साधा फोन तिच्या उपयोगाचा नाही. चार वर्षांत यात खंड पडलेला नाही. तिकिटं काढायच्या आधी आईनं एकच विचारलं, "सात वाजताचं काय?" मी "होईल" म्हणून बसलोय.

म्हणजे काम दोन भागांचं आहे. चौघांचे मेसेज आणि मेल एका पॅकेजवर चालले पाहिजेत, आणि रोज दहा मिनिटं आईचा चेहरा आत्याला नीट दिसला पाहिजे. दुसरं जास्त महत्त्वाचं.

२५ नोव्हेंबर

समुद्रात जहाजाला इंटरनेट उपग्रहावरून मिळतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. आपण काही मागितलं की ते जहाजावरून वर, तिथून जमिनीवरच्या केंद्राकडे खाली, आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेनं वर-खाली. प्रकाशाच्या वेगानंसुद्धा यात जवळपास अर्धा सेकंद जातो, आणि यंत्रणेतला वेळ धरला तर सहाशे मिलिसेकंद किंवा जास्तच. स्टारलिंकसारखे खालच्या कक्षेतले उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात, त्यामुळे तिथे हा उशीर फारसा जाणवत नाही. मी तयारी भूस्थिर धरूनच करणार. निघालं चांगलं तर आनंदच आहे.

कागदावर हिशेब मांडला. एक साधं पान उघडायचं म्हटलं तरी नाव शोधायला एक फेरी, जोडणी करायला एक, कुलूप लावायला म्हणजे टीएलएसला एक, आणि मग पान मागायला एक. चार फेऱ्या, दर फेरीला ०.६ सेकंद. पहिलं अक्षर दिसायलाच अडीच सेकंद. घरच्या फायबरवर आपण ज्याला "नेट स्लो आहे" म्हणतो त्यापेक्षा हे वेगळं दुखणं आहे. इथे पाइप रुंद केला तरी उशीर तेवढाच राहतो. म्हणून सहा उपकरणं जोडता येतील का, यापेक्षा ती जोडल्यावर आपणहून किती बडबड करतात याची मला जास्त काळजी आहे.

२७ नोव्हेंबर

पहिला विचार अर्थातच खिशात मावणाऱ्या राऊटरचा. माझ्याकडे ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरसाठीच्या मोफत प्रणालीवर चालणारा एक आहे, गेल्या वर्षी हॉटेलांसाठी घेतलेला. तो जहाजाच्या वायफायला एक उपकरण म्हणून जोडला जातो, लॉगिनचं पान एकदाच भरायचं, आणि मग तो स्वतःचं वेगळं वायफाय देतो. आतल्या प्रत्येकाला तो १९२.१६८ नं सुरू होणारा खासगी पत्ता देतो, आणि बाहेर जाणाऱ्या डेटाच्या सगळ्या पाकिटांवर स्वतःचाच पत्ता घालतो. कुठलं उत्तर कोणाचं, याची नोंद त्याच्याकडे असते. याला नॅट म्हणतात. घराघरातला राऊटर रोज हेच करतो.

वीस मिनिटांत सगळं चालू झालं. शेजारच्यांच्या गेस्ट वायफायला (त्यांना विचारून) जोडला आणि सहाच्या सहा उपकरणं त्यावर चालवली.

रात्री सामानाचे नियम वाचायला घेतले. न आणायच्या वस्तूंच्या यादीत इस्त्री, किटली, मेणबत्ती आणि त्याखाली राऊटर. मग बाकीच्या क्रूझ कंपन्यांच्या याद्या चाळल्या, तर बऱ्याच मोठ्या कंपन्या राऊटर आणू देत नाहीत. सुरुवातीला वाईट वाटलं, कारण सगळ्यात सुटसुटीत उपाय तोच होता. पण विचार केला तर नियम पटला. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी वाहिन्यांची जागा तीनच: १, ६ आणि ११. शेकडो केबिन, पोलादी भिंती, आणि प्रत्येकानं आपापला राऊटर जोरात चालवला तर जहाजाचं स्वतःचं वायफाय ऐकूच येणार नाही. राऊटर कपाटात परत गेला.

कंपनीला मेल टाकली. विचारलेलं असं: एका उपकरणाच्या पॅकेजवर उपकरण बदलता येतं का? आणि लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवरून केबिनमधल्या घरच्यांनी वापरलं तर चालेल का? मला हे लपूनछपून करायचं नाही. आई बरोबर असताना तर नाहीच.

३० नोव्हेंबर

रविवार, दिवसभर टेबलावर हेच. सकाळची शेव-उसळही तिथेच खाल्ली.

राऊटर नाही म्हटल्यावर आपल्याकडच्या वस्तूंपैकी वायफाय घेऊन ते पुढे कोण देऊ शकतं, हे एकेक करून बघितलं. बायकोचा आयफोन बाद, कारण त्याचा पर्सनल हॉटस्पॉट फक्त सिमचं इंटरनेट वाटतो, वायफायचं नाही. आईचा फोन जुना अँड्रॉइड. हॉटस्पॉट चालू केला की त्याचं वायफाय आपोआप बंद होतं. माझ्या फोनमध्ये मात्र हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये वायफाय शेअरिंगचा पर्याय आहे. म्हणजे तो एकाच वेळी घेऊही शकतो आणि देऊही शकतो.

एक गोष्ट मला आजच नीट कळली आणि ती बऱ्याच जणांच्या कामाची आहे. आईच्या फोनसारखा फोन असला तरी ब्लूटूथ टेदरिंग किंवा यूएसबी टेदरिंग चालू केलं तर तो वायफायचं इंटरनेट पुढे देतो, कारण त्या वेळी वायफायचा रेडिओ घेण्याच्या कामाला मोकळा असतो. ब्लूटूथवर वेग फार तर एक-दोन एमबीपीएस मिळतो, पण व्हॉट्सॲपच्या मजकुराला तेवढा पुष्कळ. ही वाट राखीव ठेवली.

शेवटी निवड लॅपटॉपची. विंडोजमधला मोबाइल हॉटस्पॉट आठ उपकरणांपर्यंत चालतो, स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो, आणि मुख्य म्हणजे कोण जोडलंय ते समोर दिसतं. तोटा एकच: रेडिओ एकच असल्यानं तो आळीपाळीनं ऐकतो आणि बोलतो. घरी थेट ३८ एमबीपीएस मिळत होते, हॉटस्पॉटवरून १७. निम्म्याहून कमी. मेसेजला फरक पडणार नाही, व्हिडिओला पडू शकतो.

२ डिसेंबर

कंपनीचं उत्तर आलं, आणि ते नीट माणसानं लिहिलेलं होतं. एका पॅकेजवर एका वेळी एकच उपकरण लॉगिन राहील. लॉगआउट करून दुसरं जोडता येईल, कितीही वेळा. राऊटर, एक्स्टेंडर सामानात नको. स्वतःच्या लॅपटॉपवरून त्याच केबिनमधल्या माणसांनी वापरलं तर हरकत नाही, पण ते चाललं नाही तर मदत मिळणार नाही.

एवढं पुरेसं आहे. मेल छापून तिकिटांच्या फाइलमध्ये ठेवली.

इथे एक नोंद करतो. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, टीटीएल. फोनचा आणि मॅकचा ६४ पासून सुरू होतो, विंडोजचा १२८ पासून, आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर एकानं कमी होतो. हॉटस्पॉटच्या मागून आलेलं पाकीट ६३ किंवा १२७ दाखवतं, त्यावरून नेटवर्कला मागे आणखी कोणी आहे हे ओळखता येतं. तो आकडा बदलून लपायच्या युक्त्याही लोक वापरतात. मी त्या वाटेला जाणार नाही. विचारल्यावर हो म्हणाले, आता लपवायचं काय?

६ डिसेंबर

आज घरातच जहाज तयार केलं. जुन्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा संगणक) लिनक्सचं टीसी आणि नेटेम ही जोडणी मुद्दाम बिघडवणारी साधनं वापरून सगळ्या घराचं इंटरनेट त्यातून वळवलं: सहाशे मिलिसेकंद उशीर, शंभरातली दोन पाकिटं गहाळ, वेग दोन एमबीपीएस. मग बाकीची पाचही उपकरणं लॅपटॉपच्या हॉटस्पॉटला जोडली आणि सगळ्यांना सांगितलं, अर्धा तास कोणी कशाला हात लावू नका.

अर्ध्या तासात ४१२ एमबी गेले. कोणी काहीही करत नसताना! सगळ्यात मोठा वाटा लेकीच्या टॅबचा होता, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ क्लाऊडवर चढवत होता. त्याखालोखाल लॅपटॉपचं स्वतःचं अपडेट. मग आईचा फोन, कारण तिच्या सतरा ग्रुपमधलं प्रत्येक सुप्रभात, प्रत्येक कीर्तनाचा व्हिडिओ आपोआप उतरत होता.

दुपारपासून रात्रीपर्यंत एकेक उपकरण शांत केलं. लॅपटॉपवर जहाजाच्या वायफायला मीटर्ड कनेक्शन लावायचं, म्हणजे अपडेट थांबतात. वनड्राइव्ह बंद. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या नावाखाली मीटर्डची खूण आणि वर डेटा सेव्हर. आयफोनवर लो डेटा मोड. फोटोंचा बॅकअप सगळीकडे बंद. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद, आणि कॉलसाठी कमी डेटाचा पर्याय चालू. प्ले स्टोअरची अपडेट हातानं.

पुन्हा अर्धा तास मोजला: ९ एमबी.

या एका दिवसाच्या कामानं जेवढा फरक पडला तेवढा राऊटरनं, महागड्या अँटेनानं, कशानंच पडला नसता. एक जोडणी चौघांत वाटायची तर आधी हेच करावं, हॉटस्पॉट नंतर.

७ डिसेंबर

आज आत्याकडे रंगीत तालीम. मी वाड्यात आत्याजवळ, आई घरी त्या खोट्या जहाजावर.

कॉल लागला, चित्र दिसलं, पण बोलणं जमेना. आई वाक्य संपवते, आत्याला ते पाऊण सेकंदानं दिसतं, तोवर उत्तर नाही म्हणून आई पुढचं सुरू करते, इकडे आत्या मागच्याचं उत्तर देतेय. दोघी एकाच वेळी बोलायच्या, दोघी एकाच वेळी थांबायच्या. आत्याचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आपल्याला आता ओठही वाचता येत नाहीत. मी पाटीवर लिहून दाखवलं की दोष तुझा नाही, आकाशातल्या लांबच्या रस्त्याचा आहे.

उपाय तिनंच काढला. बोलणं झालं की उजवा तळहात वर करायचा, वर्गात हजेरी देतात तसा. हात दिसेपर्यंत दुसरीनं थांबायचं. तिनं मला हाताचा पंजा कॅमेऱ्याच्या किती जवळ धरला तर स्पष्ट दिसतो ते तीन-चारदा धरून बघायला लावलं: हनुवटीच्या बाजूला, पण ओठांवर सावली पडणार नाही असा. बोटं सांध्यांशी वाकलेली, पण हात अजिबात हलत नव्हता. दुसऱ्या कॉलला दहा मिनिटं दोघी नीट बोलल्या. आईनं लोणच्याच्या आवळ्यांचा भाव सांगितला, आत्यानं खंडेराव मार्केटात त्याहून कमी आहे म्हणून दटावलं, आणि हात वर केला.

आणखी एक लक्षात आलं. वाड्यात आत्याच्या मागे खिडकी असते, त्यामुळे तिचा चेहरा काळा येतो आणि उजेडाच्या चढउतारामुळे व्हिडिओही उगाच जड होतो. तिची खुर्ची फिरवून खिडकी समोर घेतली. आईनं जहाजावर मागे साधी भिंत येईल असं बसायचं, डोलणारा समुद्र नको. हलणारं चित्र जास्त डेटा खातं आणि ओठांसाठी काही उरत नाही.

१० डिसेंबर

लॉगिनच्या पानाचा अभ्यास. आपण जोडलो की फोन एका ठरलेल्या पत्त्यावर साधी विचारणा करतो. अँड्रॉइडला तिथून २०४ हे कोरं उत्तर हवं असतं. त्याऐवजी दुसरंच पान आलं की त्याला कळतं, इथे आधी लॉगिन आहे. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस पत्त्यांना हे वळण देता येत नाही, म्हणून पान आपोआप उघडलं नाही तर एखादा साधा एचटीटीपी पत्ता उघडायचा.

पोर्टल, म्हणजे हे लॉगिन मागणारी यंत्रणा, आपल्याला बहुतेक वेळा वायफायच्या हार्डवेअर पत्त्यावरून ओळखतं. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता लपवून बनावट देतात. एरवी ते चांगलंच आहे, पण हा पत्ता मधेच बदलला तर पोर्टलला वाटेल नवं उपकरण आलं आणि जुनं लॉगिन अडकून राहील. लॅपटॉपवर यादृच्छिक हार्डवेअर पत्ता बंद केला. लॉगआउटचं पान सापडल्या सापडल्या खूण करून ठेवायचं, हे वहीत ठळक लिहिलं.

१४ डिसेंबर

बायकोचा प्रश्न: ती करसल्लागाराच्या ऑफिसात आहे, उशिराचे रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतात, त्यामुळे नेमक्या त्याच आठवड्यात तिला मेल बघावीच लागणार. ऑफिसच्या मेलला ओटीपी एसएमएसनं येतो आणि भर समुद्रात सिमला रेंज नाही. आज तिच्या फोनवर ऑथेंटिकेटर ॲप लावलं. ते आकडे फोनमध्येच ठेवलेल्या गुपित किल्लीवरून आणि घड्याळावरून दर तीस सेकंदांनी बनतात, त्यांना इंटरनेट लागत नाही. विमान मोडमध्ये टाकून तीनदा तपासलं.

हॉटस्पॉट बंदच पडला तर? त्यासाठी लॅपटॉपवर ब्राउझरची चार वेगळी प्रोफाइल केली आणि प्रत्येकात एकेकाचं व्हॉट्सॲप वेब जोडलं. फोन बंद असला तरी जोडलेलं उपकरण चौदा दिवसांपर्यंत चालतं. म्हणजे इंटरनेट एकाच लॅपटॉपला, पण निरोप चौघांचे. विंडोजच्या ॲपमध्ये आईचं खातं लावलं, कारण त्यावरून व्हिडिओ कॉल होतो. हे करताना डोक्यात आलं की आत्याचा कॉल हॉटस्पॉटवरून करण्याची गरजच नाही. थेट लॅपटॉपवरून केला तर मधली एक उडी वाचते आणि आईला आत्या मोठी दिसते.

१८ डिसेंबर

वेळापत्रक. संध्याकाळी सात ते सव्वासात हॉटस्पॉट पूर्ण बंद, लॅपटॉप फक्त आईचा. सकाळी आठ ते नऊ आणि रात्री नऊ ते दहा सगळ्यांचा. दुपारी एक ते दोन बायकोची मेल. बाकी वेळ लॉगआउट. लेक जरा हिरमुसली, पण तिनं तिची गाणी आणि विज्ञानाचे धडे टॅबवर उतरवून घेतले, आईची भजनंही.

आत्याला हे सांगितलं तेव्हा तिला पुस्तकांची पेटी आठवली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, त्यानंतर संस्थानात फिरती वाचनालयं सुरू झाली. लाकडी पेटीत पुस्तकं गावात यायची, वाचून झाली की पेटी पुढे जायची. लहानपणी बडोद्याजवळच्या पादरा गावी आजोळी अशी पेटी आलेली तिनं बघितली आहे. पेटी गावात असेपर्यंत पुस्तक कोणाकडे किती दिवस, हे मास्तर फळ्यावर लिहायचे. मी आमचं वेळापत्रक टाइप केलं होतं. ते ठेवून दिलं आणि लेकीकडून मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घेतलं.

२१ डिसेंबर

सामान: लॅपटॉप, दोन चार्जर, यूएसबी केबल, वही, मेलची प्रत. आईच्या पिशवीत लीलो चिवडा आणि आत्याची पाटी. पाटी आत्यानंच दिली. कॉल तुटतोय असं वाटलं तर लिहून कॅमेऱ्यासमोर धर म्हणाली. रात्रीची गाडी.

२२ डिसेंबर, जहाजावर

इंदिरा डॉकवरून दुपारी चढलो. किनारा असेपर्यंत मोबाइलची रेंज होती. प्राँग्जचं दीपगृह मागे पडलं तसे सगळ्यांचे फोन विमान मोडमध्ये टाकले. हे विसरायचं नाही. किनाऱ्याची रेंज गेली की फोन जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कला पकडू शकतो, आणि ते रोमिंग फार महाग पडतं. विमान मोड लावायचा आणि मग फक्त वायफाय चालू करायचं.

सहा चाळीसला लॅपटॉप जहाजाच्या वायफायला जोडला. लॉगिनचं पान उघडेना. साधा पत्ता टाकला, तरी नाही. दुसरा ब्राउझर, नाही. सात वाजले. आई पलंगाच्या कडेला साडी नीट करून, मागे कोरी भिंत येईल अशी बसलेली, एक शब्द बोलली नाही. माझे हात कापत होते.

सात दहाला सापडलं. तालमीच्या वेळी मी लॅपटॉपला डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, हातानं १.१.१.१ असा घालून दिला होता आणि तो तसाच राहिला. पोर्टलला आपल्याला वळवायला स्वतःचा डीएनएस लागतो. तो आपोआपवर टाकला, पान लगेच आलं. सात चौदाला आत्या दिसली. बाई म्हणाली, पावणेसातपासून टॅबसमोर बसून आहेत. चित्र अधूनमधून थांबत होतं, पण हात वर करण्याची पद्धत चालली. सहा मिनिटं बोलल्या.

चूक माझी, आणि ती टाळता येण्यासारखी होती. निघायच्या आदल्या दिवशी डीएनएस, व्हीपीएन आणि अँड्रॉइडचा प्रायव्हेट डीएनएस, तिन्ही आपोआपवर किंवा बंद आहेत का बघायचं.

२३ डिसेंबर, भर समुद्रात

सकाळचा तास उत्तम गेला. केबिन पोलादी, आत रेंज नावालाच. जहाजाचं वायफाय बाहेरच्या बोळातून येतं. लॅपटॉप दाराजवळच्या कपाटावर ठेवला आणि दोनाच्या चार दांड्या झाल्या. हॉटस्पॉट २.४ वर, चारही फोन जोडलेले, सगळ्यांचे निरोप गेले-आले. तासाभरात ३१ एमबी.

संध्याकाळी सातला मात्र निराशा झाली. कॉल लागला पण आत्याचा चेहरा चौकोन-चौकोन, आणि तिकडे आईचा तसाच. हॉटस्पॉट बंद होता, आमचं दुसरं काही चालू नव्हतं. मग कळलं, जेवणाआधीचा हा तास सगळ्या जहाजाचा इंटरनेटचा तास आहे. आम्ही चौघांनी आपसात कितीही नीट वाटून घेतलं तरी वरचा पाइप सगळ्या प्रवाशांत वाटलेला आहे.

आईनं पाटी काढली आणि लिहिलं, "दिसत नाही." आत्यानं बराच वेळ वाचलं. मग तिनं डाव्या हाताची चार बोटं वर केली, अंगठा आत दुमडून, आणि तशीच धरून ठेवली. थांबलेल्या चित्रात ती चार बोटं स्पष्ट आली. उद्या चारला.

२४ डिसेंबर, लक्षद्वीप

नांगर टाकल्यावर माझ्या सिमला बेटाची रेंज आली. कोची ते लक्षद्वीप समुद्राखालून फायबर टाकलेली आहे, जानेवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. त्याआधी या बेटांचं सगळं संपर्काचं काम उपग्रहावरच होतं. लेकीचे सगळे फोटो त्या मोबाइल डेटावरून पाठवले, जहाजाच्या पॅकेजला हात लावला नाही. नांगरावर असताना आधी मोबाइलची रेंज बघावी, हे वेळापत्रकात लिहून ठेवलं.

चारला कॉल, त्याच डेटावरून. घरच्यासारखा. आईनं लॅपटॉप खिडकीकडे फिरवून आत्याला निळं-हिरवं पाणी दाखवलं. आज समुद्र मागे असला तरी चाललं.

२५ डिसेंबर, परतीच्या वाटेवर

खरी परीक्षा आज होती: पुन्हा उपग्रह, दुपारी चारला. जहाजावर तेव्हा सगळे वरच्या डेकवर. अकरा मिनिटं, एकदाही न थांबता. उशीर तेवढाच होता, पण ओठ दिसत होते. आत्यानं आईला विचारलं, गुडघे कसे आहेत, हात वर. आईनं सांगितलं, जहाजात लिफ्ट आहे, हात वर.

दुपारी बायकोला तीन मेल पाठवायच्या होत्या, त्यातली एक चार एमबीच्या जोडपत्रासह. दोनदा तुटली. पीडीएफ छोटी करून पाठवली, गेली.

२८ डिसेंबर, बडोदा

हिशेब: चार दिवसांत जहाजाच्या पॅकेजवर एकूण ६४० एमबी, त्यातले निम्म्याहून जास्त तीन कॉलमध्ये. लॉगआउट करायला एकदाच विसरलो, आणि तेव्हाही उपकरण बदललं नसल्यानं अडलं नाही. ब्लूटूथची राखीव वाट लागली नाही. चार प्रोफाइल मात्र एकदा उपयोगी पडली, २५ च्या रात्री हॉटस्पॉट दहा मिनिटं रुसला तेव्हा.

पुढच्या वेळी दोन गोष्टी वेगळ्या करीन. कॉलची वेळ आधीच दुपारची ठरवीन, आणि निघण्यापूर्वी लॅपटॉप एकदा अनोळखी लॉगिनवाल्या वायफायवर, एखाद्या हॉटेलात किंवा स्टेशनवर, पूर्ण जोडून बघीन. घरच्या तालमीत पोर्टल नव्हतं, तिथेच मी फसलो.

आज सातला आईनं नेहमीसारखा कॉल केला. घरचं फायबर, उशीर नावालाही नाही. तरी आत्यानं वाक्य संपवून तळहात वर केला, आणि आईनं तो बघून मगच बोलायला सुरुवात केली. त्यांना हे सोपं पडतंय असं दिसतंय; दोघी एकमेकींना तोडत नाहीत. पद्धत तशीच ठेवायची म्हणाल्या.

राहिलेली कामं आज उरकली. रास्पबेरी पाय काढून ठेवला. लेकीच्या टॅबचा बॅकअप चालू केला, रात्रभर चढेल. लॅपटॉपचे अपडेट मोकळे केले. बायकोचा ऑथेंटिकेटर तसाच राहू दिला. आईच्या फोनवरचं आपोआप उतरणं बंदच ठेवलंय. फोन भरत नाही आणि हवा तो फोटो ती आता स्वतः दाबून उघडते. आत्याची पाटी परत द्यायला उद्या सकाळी वाड्यावर जायचं आहे, तिची खुर्ची पुन्हा खिडकीकडे पाठ करून फिरवली नाही ना, तेही बघून यायचं.